दोन स्टॉप कमी

"पुन्हा लावा," मालंडकर सर म्हणाले.

प्रोजेक्टर चालवणाऱ्या गुरवांनी रीळ मागं घेतलं आणि शमीम शिकलगारचा शॉट पडद्यावर दुसऱ्यांदा आला. तीस सेकंदांचा, कृष्णधवल. स्टँडवरच्या कँटीनमध्ये खिडकीशी बसलेली एक बाई चहा बशीत ओतते, फुंकर घालते, बशी ओठांपर्यंत नेते आणि मध्येच थांबून बाहेर बघते. एवढंच. पण बशीतल्या चहावरून परतलेला उजेड त्या बाईच्या हनुवटीखाली थरथरत होता.

"हा हनुवटीखालचा उजेड तुला तेव्हाच दिसला होता, की इथं बसल्यावर दिसला?" सरांनी विचारलं.

"तेव्हाच दिसला, सर. म्हणून तर बशीत ओतायला सांगितलं. त्या कपानंच पीत होत्या."

सर हसले. पहिल्या वर्षाचे सात महिने झाले होते आणि आम्ही नऊ जणांनी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. माझा शॉट त्याच्या आधीच होऊन गेला होता. त्यावर सर म्हणाले होते, "फोकस बरोबर. एक्स्पोजर बरोबर. पुढचं."

मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ चालल्या, हे मला अजून आठवतं.

ही एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची गोष्ट. कोल्हापुरात एका लहानशा संस्थेत आम्ही सिनेमाचा कॅमेरा शिकत होतो. सोळा एमएमचा एकच कॅमेरा, एक तिपाई, चार दिवे. माझ्या वडिलांचा विट्याला फोटो स्टुडिओ. सातवीत असल्यापासून मी डार्करूममध्ये. लग्नाचे अल्बम किती केले त्याची गणती नाही. त्यामुळे सन्मती हेरवाडे म्हणजे वर्गातला कॅमेरावाला, हे पहिल्या आठवड्यातच ठरून गेलं होतं. इतरांच्या मनात आणि माझ्याही.

शमीम मिरजेची. तिचे वडील सतारी आणि तंबोरे करायचे. इथं येण्याआधी तिनं धड कॅमेरा हातात धरला नव्हता. अंधाऱ्या पिशवीत हात घालून, न बघता फिल्म कशी भरायची हे तिला मी शिकवलं. "सन्मती, हा वळसा एवढाच ठेवायचा ना?" असं ती विचारायची, मी पिशवीवरून तिची बोटं चाचपून सांगायचो, "अजून थोडा." पाच-सहा वेळा फिल्म अडकली, मग अडकेनाशी झाली. मी शिकवत होतो तोवर ती मला फार आवडायची.

कँटीनच्या त्या शॉटनंतर मात्र मला तिचं साधं बोलणंही टोचायला लागलं. रस्त्यानं चालताना ती एकदम थांबायची. "ते बघ, त्या सायकलच्या घंटीवर." मी बघायचो, मला सायकलची घंटी दिसायची. ती पुढं निघून गेल्यावर मी परत मागं जाऊन बघायचो. तरी घंटीच दिसायची.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं पाच मिनिटांची एक फिल्म करायची होती. प्रत्येकाला दोन रिळं, त्यावर एक फूटही मिळणार नाही. दुसऱ्या वर्षी सगळ्यांची मिळून एक मोठी फिल्म व्हायची आणि तिचा कॅमेरा कुणी करायचा, हे सर या पाच मिनिटांवरून ठरवणार होते.

मी गुऱ्हाळावर फिल्म केली. वाफ, तिच्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपा, काहिलीतला उकळता रस. शूटिंग बघायला सर आले होते. भिंगातून बघून म्हणाले, "छान. कॅलेंडरवर छापावं असं." मी दोन दिवस खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना त्या वाक्याचा अर्थ लागला.

एकाच्या फिल्मवर दुसऱ्यानं असिस्टंट व्हायचं, असा नियम होता. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीत शमीमचं नाव निघालं.

तिची फिल्म तिच्या वडिलांवर होती. मिरजेच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना वाद्यांची दुकानं आणि माडीवर वाळत टाकलेले मोठाले भोपळे. दस्तगीरचाचांचं दुकान दहा बाय बाराचं, उजेडाला एकच खिडकी. दिवे लावायचे नाहीत असं शमीमनं ठरवलं होतं.

"चाचा, शेवटचं काम कोणतं?" मी विचारलं.

"जवारी," ते म्हणाले. त्यांनी तंबोऱ्यावरची हाडाची घोडी दाखवली, जिच्यावरून तारा जातात ती. "हिचा माथा कानशीनं घासत घासत असा आणायचा, की तार नुसती वाजत नाही, घुमते. घास कमी पडला तर तार मुकी. एक घास जास्त झाला तर घोडी फेकून द्यायची."

"अब्बा, एकदा झाल्यावर शूटिंगसाठी परत करून दाखवाल का?" शमीमनं विचारलं.

"परत? लागली की लागली, बेटा. मग मी नुसती कानस फिरवायची? ते नाटक झालं. आणि हा तंबोरा उद्या धारवाडला जायचाय."

म्हणजे एकच संधी. शमीमनं ठरवलं, पहिल्या रिळात सकाळची कामं घ्यायची, दुसरं अख्खं रीळ जवारीसाठी ठेवायचं.

संस्थेचं लाइट मीटर दुसऱ्या मुलांनी नेलं होतं म्हणून आम्ही माझं वापरत होतो. वडिलांचं जुनं, काट्याचं. मीटरला आधी सांगावं लागतं की कॅमेऱ्यात फिल्म किती वेगाची आहे. बाजूच्या चकतीवर तो आकडा लावायचा. मग उजेड मोजून ते सांगतं, भिंगाचं भोक किती उघडायचं. टू-एट म्हणजे बरंच उघडं, फाइव्ह-सिक्स म्हणजे बरंच बारीक. सकाळी शंभरवर चकती लावून शमीमनं सगळं माप घेतलं. खिडकीशी टू-एट यायचं. पहिलं रीळ उत्तम झालं. मी भिंग फिरवत होतो, ती कॅमेऱ्याला डोळा लावून होती. एकदाही तिनं "परत घेऊ" म्हटलं नाही.

जेवणानंतर तासभर वेळ होता. मी माझा साधा फोटोचा कॅमेरा घेऊन गल्लीत फिरलो. त्यात चारशेची फिल्म होती, म्हणून चकती चारशेवर लावली.

परत आलो तेव्हा चाचा खिडकीशी तंबोरा आडवा घेऊन बसले होते. शमीमनं माझ्या गळ्यातलं मीटर काढून घेतलं आणि त्यांच्या गालाशी धरलं.

"फाइव्ह-सिक्स," ती म्हणाली.

माझी बोटं सवयीनं भिंगाकडं गेली. भोक लहान-मोठं करायचं कडं फिरवता फिरवता मी थांबलो. त्या खोलीत फाइव्ह-सिक्स? तिच्या हातातल्या मीटरची चकती माझ्या बाजूला होती. चारशे. मघाशी मीच लावलेला आकडा. कॅमेऱ्यात शंभरची फिल्म आणि मीटर चारशेचं माप देत होतं. लागेल त्याच्या चौथाई उजेडातच ते 'पुरे' म्हणत होतं. आमच्या भाषेत, दोन स्टॉप कमी. अख्खं रीळ काळं पडणार.

शमीमलाही शंका आली. "सन्मती, एवढा उजेड आहे? सकाळी टू-एट होतं."

इथं मी नुसतं "थांब, चकती बघ" म्हणायचं होतं. तीन शब्द. चूक माझी होती, ती हसून सोडूनही दिली असती.

"समोरच्या भिंतीवर ऊन आलंय," मी म्हणालो.

तिनं खिडकीतून बघितलं. भिंतीवर खरंच ऊन होतं. "हां," ती म्हणाली आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

मी कडं फाइव्ह-सिक्सवर नेलं.

चाचांनी कानस उचलली. घासायचं, फुंकायचं, तार छेडायची, कान लावायचा. परत घासायचं. पहिल्यांदा तार कोरडी वाजली. मग जराशी ओली झाली. शमीम कॅमेरा घेऊन इतक्या हळू पुढं सरकत होती की ती सरकतेय हे मला फक्त फोकसच्या आकड्यांवरून कळत होतं. चाचांनी डोळे मिटले, दोन बारीक घास घेतले, तार छेडली आणि खोली भरली. तो आवाज तारेतून येत होता असं वाटेचना. भोपळ्यांतून, फळ्यांतून, जमिनीतून येत होता. चाचांचा चेहरा एकदम सैल झाला. मी तो चेहरा पाहिला. असं काही मी माझ्या उभ्या जन्मात टिपलं नव्हतं, आणि ती टिपत होती, आणि त्यातलं काहीच उमटणार नव्हतं. मी एक इंचही फोकस चुकू दिला नाही.

"बस्स," चाचा म्हणाले.

शमीम कॅमेऱ्यामागून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. चाचांनी चहा मागवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फिल्म भरायला तूच शिकवलंस म्हणे हिला. घरी सारखं तुझंच नाव असतं."

मी चहा पटकन पिऊन टाकला. जीभ भाजली.

सगळ्यांचे डबे मुंबईच्या लॅबमध्ये पोचवायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझे मामा तिकडं राहायचे. मी म्हणतो, शूटिंगच्या वेळी जे झालं ते क्षणात झालं. पण त्यानंतर चार दिवस गेले होते. मी जेवलो, झोपलो, तिच्याबरोबर डब्यांवर लेबलं चिकटवली.

लॅबच्या काउंटरवर कानावर पेन्सिल ठेवलेले एक उतारवयाचे गृहस्थ होते. त्यांनी एकेक डबा उलटसुलट करून नाव वहीत उतरवलं.

"यात पुश काही आहे का?" त्यांनी विचारलं.

पुश म्हणजे फिल्म रसायनात जास्त वेळ ठेवायची. उजेड कमी पडला असेल तर तो त्यातून बराचसा भरून निघतो. सगळा नाही, पण चेहरा वाचतो.

मी वहीतली नावं वाचायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "अहो, लाजू नका. शिकाऊ पोरांच्या डब्यात असतंच एखादं. आत्ता सांगितलंत तर होईल, एकदा धुतली की काही करता येत नाही."

त्यांच्या हातात तेव्हा शमीमचा दुसरा डबा होता. लेबलावर तिच्या गोल अक्षरात 'अब्बा – जवारी' असं लिहिलेलं.

"नाही," मी म्हणालो. "सगळं नॉर्मल."

त्यांनी नऊही नावांपुढं 'नॉर्मल' लिहिलं. बाहेर येऊन मी उसाचा रस प्यालो. मला हलकं वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू.

तीन आठवड्यांनी फिल्म आल्या. शमीमचं पहिलं रीळ संपलं तेव्हा वर्गात कुणी हललं नाही, इतकं ते चांगलं होतं. मग दुसरं लागलं. पडद्यावर काळोख आणि त्यात खिडकीची एक करडी चौकट. मधूनच कानशीची कड चमकायची. माणूस कुठंच नव्हता.

"काय झालं हे?" सर म्हणाले.

शमीम उभी राहिली. "कळत नाही, सर."

"मीटर घेतलं होतंस?"

"हो."

"सन्मती?"

"तिनं सांगितलेलं माप मी लावलं, सर."

शब्दन् शब्द खरा होता.

सरांनी चष्मा काढला. "शमीम, नजर आहे तुला. पण नुसत्या नजरेनं कॅमेरा होत नाही, माप हाताशी लागतं. तू एडिटिंगचा विचार कर."

मोठी फिल्म मला मिळाली.

नवी फिल्म मिळणार नव्हती, त्यामुळं तिनं ते काळं रीळ तसंच जोडलं. आवाज वेगळा टेप केलेला होता, तो चढवला. वार्षिक प्रदर्शनाला दस्तगीरचाचा आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोबत गल्लीतले चौघे कारागीर. पडदा काळा झाला तसे ते चौघे एकमेकांकडं बघायला लागले. चाचांनी डोळे मिटले आणि शेवटपर्यंत मान किंचित कलती ठेवून ऐकत राहिले.

फिल्म संपल्यावर संस्थेच्या अंगणात मी त्यांच्या पाठीमागंच उभा होतो.

"अब्बा, माझ्या हातानं गेलं," शमीम म्हणाली. "तुम्ही दिसलाच नाहीत."

"आवाज बरोबर आलाय," ते म्हणाले. "आणि हातानं जायचंच, बेटा. माझ्या हातानं किती घोड्या गेल्या, तुझ्या आजोबांना विचारायला हवं होतं."

ती हसली नाही. पुढच्या आठवड्यात तिनं एडिटिंगच्या अर्जावर सही केली.

जूनमध्ये दुसरं वर्ष सुरू झालं. ऑगस्टच्या सुरुवातीला कॅमेऱ्याच्या चाचणीचे डबे मुंबईला न्यायचे होते. मी फिल्मच्या तयारीत होतो म्हणून सरांनी शमीमला पाठवलं. ती परत आली त्या दिवशी दुपारी मी सामानाच्या खोलीत भिंगं पुसत होतो. ती दारात उभी राहिली.

"तिथले काका विचारत होते, पुश आहे का."

मी पुसत राहिलो.

"मी म्हटलं, सगळ्यांनाच विचारता का? म्हणाले, वीस वर्षं झाली, विचारल्याशिवाय एक डबा आत घेतला नाही."

"हं."

"म्हणजे तुलाही विचारलं असेल."

नाही म्हणता आलं असतं. 'विसरले असतील' म्हणता आलं असतं. ती माझ्यावर विश्वास ठेवायला तयार होती, तिच्या चेहऱ्यावरच ते दिसत होतं. आणि ते बघवेना.

"विचारलं होतं."

"तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तू फाइव्ह-सिक्स म्हणालीस तेव्हापासून. चकती चारशेवर होती. मीच लावली होती, गल्लीत फोटो काढताना."

ती भिंगांच्या पेटीवर बसली. ती ओरडेल, रडेल, काहीतरी फेकेल, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मी पाच महिने तो शॉट डोक्यात परत परत घेतेय," ती हळूच म्हणाली. "अब्बांच्या गालाशी मीटर धरलं, काटा बघितला, आकडा सांगितला. कुठं चुकलं ते सापडेचना. मला वाटलं, ज्याला आपली चूकसुद्धा सापडत नाही त्यानं हे काम करूच नये. म्हणून सोडलं मी." तिनं माझ्याकडं बघितलं. "मला वाटलं, मी मठ्ठ आहे, सन्मती."

मी कँटीनच्या शॉटपासून तिचा कॅमेरा हातातून जावा एवढंच मागत होतो. तिचा स्वतःवरचा विश्वास मी काढून घेतोय, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पाच महिने ती माझ्यासमोर रोज वावरत होती आणि मला ते दिसलं नव्हतं.

"सरांना सांगणार आहेस?" मी विचारलं.

"मी कशाला सांगू? मी सांगितलं तर कारणं देतेय असंच वाटेल. तुझं तू बघ."

मला चार दिवस लागले. रोज सरांच्या दारापर्यंत जायचो आणि काहीतरी भलतंच विचारून परत यायचो. पाचव्या दिवशी आत जाऊन सगळं सांगितलं. भिंतीवरचं ऊन, काउंटर, 'नॉर्मल'. सरांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मग शिपायाला शमीमला बोलवायला पाठवलं.

"मोठ्या फिल्मचा कॅमेरा तू करायचास," ते तिला म्हणाले. "याचं काय करायचं ते सांग. वर्षभर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, असं माझ्या मनात आहे."

शमीम म्हणाली, "माझा असिस्टंट असू दे, सर."

"विश्वास आहे याच्यावर?"

"नाही," ती म्हणाली. "पण याचा फोकस चुकत नाही."

या सगळ्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. शमीमचं नाव मोठ्या पडद्यावर येतं. मी कोल्हापुरातच मुलांना फोकस आणि भिंगं शिकवतो. आमचं भांडण असं कधी झालं नाही. ईदला फोन केला तर ती उचलते, घरच्यांची चौकशी करते.

ती मोठी फिल्म आम्ही पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका शाळेत अकरा दिवस शूट केली. प्रत्येक शॉटआधी भिंगापासून नटाच्या डोळ्यापर्यंत टेपनं अंतर मोजून आकडा सांगायचा, हे माझं काम. पहिल्या दिवशी पहिल्या शॉटला मी मोजलं आणि म्हणालो, "सात फूट, चार इंच." शमीमनं मान हलवली. मग तिनं माझ्या हातातून टेप घेतला, स्वतः भिंगाला एक टोक धरलं, दुसरं नटाच्या डोळ्यापर्यंत नेलं आणि आकडा वाचला. सात फूट, चार इंच. तिनं टेप गुंडाळून माझ्या हातात परत दिला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अकरा दिवसांत दोनशे सहा शॉट झाले. दोनशे सहाही वेळा मी मोजून आकडा सांगितला, तो बरोबर निघाला, आणि पुढच्या शॉटला तिनं टेपसाठी हात पुढं केला.